मुक्त सॉफ्टवेअरमधली रचना पटली नाही, तर बदल कसा मागावा

मुंबईतल्या सोसायट्यांची कार्यालये, डीटीपीची दुकाने, शिकवणी वर्ग आणि छोट्या संस्था यांमधून आज लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारख्या कामांसाठी), गिंप (चित्रे संपादण्यासाठी), फायरफॉक्स, व्हीएलसी यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर रोजच्या कामाला लागलेली दिसतात. काम बहुतेक वेळा सुरळीत चालते. मात्र एखाद्या दिवशी नवी आवृत्ती येते आणि ओळखीचे बटण जागेवर नसते, किंवा दुसरीकडे एका क्लिकमध्ये होणाऱ्या गोष्टीला इथे तीन पायऱ्या लागतात, आणि वापरणाऱ्याला वाटते की हे लिहिणाऱ्यांनी विचारच केलेला नाही. विचार बहुधा केलेला असतो. तो आपले काम डोळ्यांपुढे ठेवून केलेला नसतो, इतकेच. स्वतः कोड न लिहिणाऱ्या, पण अशा सॉफ्टवेअरवर ज्यांचे पोट किंवा संस्थेचा कारभार चालतो त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. खटकलेली गोष्ट चूक आहे की जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे हे कसे ओळखावे, त्या निर्णयामागचे कारण कुठे शोधावे, बदलाची विनंती कशी लिहावी आणि नकार आला तर पुढे काय करावे, एवढाच त्याचा आवाका आहे.

परवाना काय देतो आणि काय देत नाही

पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर ग्राहक सेवेचा क्रमांक येतो, तक्रार कुणीतरी नोंदवून घेतो, आणि काम झाले नाही तर पुढच्या वर्षी नूतनीकरण करणार नाही असे सांगता तरी येते. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत यांतले काहीच गृहीत धरता येत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने जी व्याख्या रूढ केली, तिच्यात वापरणाऱ्याला चार मुभा आहेत: प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवणे, तो आतून कसा चालतो ते पाहून हवा तसा बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीतले १५ वे कलम तर स्पष्टच सांगते की कायदा मान्य करील तिथवर या प्रोग्रॅमला कोणतीही हमी नाही. बदल करण्याचा हक्क अशा रीतीने पूर्णपणे आपल्याकडे येतो, परंतु तो बदल दुसऱ्या कुणीतरी करून द्यावा असा दावा परवान्यातल्या एकाही कलमातून निघत नाही.

म्हणून वापरणाऱ्याने मिळेल ते मुकाट्याने घ्यावे, असे मात्र नाही. बहुतेक मोठे प्रकल्प अडचणी नोंदवण्यासाठी सार्वजनिक ट्रॅकर चालवतात आणि त्यावर आलेल्या नोंदी वाचण्यात लोकांचे तासन्‌तास जातात. फक्त त्या ट्रॅकरच्या पलीकडे कोण बसले आहे, याची माहिती आधी करून घ्यावी. लिब्रेऑफिसच्या कोडमधला मोठा वाटा कोलाबोरासारख्या कंपन्यांचे पगारी डेव्हलपर लिहितात, आणि त्यांच्या कामाचा क्रम साहजिकच पैसे देणारे ग्राहक ठरवतात. याउलट एखादे लहानसे एक्स्टेंशन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडायची पुरवणी, एकच माणूस नोकरी सांभाळून सांभाळत असतो. पहिल्या ठिकाणी आपली नोंद हजारो नोंदींच्या रांगेत उभी राहते, दुसऱ्या ठिकाणी ती थेट एका माणसाच्या सुट्टीच्या दिवसावर जाऊन पडते. दोन्हीकडे एकाच सुरात लिहून चालत नाही.

चूक, अपुरे काम की निर्णय

गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात लालबाग-परळच्या डीटीपीच्या दुकानांत पुढील प्रसंग सहज घडू शकतो. मंडळाचा कार्यकर्ता समोर उभा आहे, बॅनर तयार आहे, ऑपरेटर गिंपमध्ये कंट्रोल-एस दाबतो, फाइल पेनड्राइव्हवर घालून पाठवतो, आणि थोड्याच वेळात फ्लेक्स छापणाऱ्याचा फोन येतो की फाइल उघडत नाही. पेनड्राइव्हवर गेलेली असते एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची फाइल. छापणाऱ्याला हवी असते जेपीजी किंवा टिफ. ऑपरेटर नावापुढे जेपीजी असे लिहून पुन्हा सेव्ह करू पाहतो, तर गिंप ते नाकारतो आणि त्यासाठी एक्सपोर्ट वापरा असे सांगतो. घाईच्या वेळी असा नकार म्हणजे शुद्ध आडमुठेपणा वाटतो.

हा आडमुठेपणा ठरवून आलेला आहे. मे २०१२ मध्ये आलेल्या २.८ या आवृत्तीपूर्वी गिंपमध्येही एकाच सेव्हमधून दोन्ही कामे होत असत. त्यानंतर डेव्हलपरांनी भेद केला: सेव्ह म्हणजे लेयर (चित्राचे थर), मास्क, मार्गरेषा यांसकट संपूर्ण काम जपून ठेवणे, आणि एक्सपोर्ट म्हणजे त्या कामाची दुसऱ्याला देण्याजोगी प्रत काढणे. जेपीजीमध्ये लेयर राहत नाहीत आणि पुन्हा पुन्हा जतन करताना चित्राचा दर्जाही घसरत जातो; त्यामुळे ज्याने चार तास खपून वीस लेयरांचे बॅनर केले, त्याने सवयीने जेपीजीत सेव्ह करून खिडकी बंद केली तर ते चार तास गेले. अशा माणसाचे नुकसान टाळण्यासाठी, नुसता फोटो कापून परत देणाऱ्याला एक जास्तीची पायरी चढायला लावणे त्यांनी पत्करले. कुणाची सोय आधी पाहायची, याचा हा निवाडा आहे आणि तो मला स्वतःला पटतो. परंतु दिवसाला पन्नास पासपोर्ट फोटो कापणाऱ्या स्टुडिओवाल्याला तो पटणार नाही, आणि त्याचेही चूक नाही. त्याच्यासाठी फाइल मेनूमध्ये, उघडलेल्या जेपीजीवरच नवी प्रत लिहिणारी ‘ओव्हरराइट’ ही आज्ञा ठेवलेली आहे. शिवाय एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकटच्या खिडकीत जाऊन कंट्रोल-एस हीच जोडी एक्सपोर्टला लावता येते. तक्रार लिहिण्यापूर्वी एवढे पाहिले असते, तर ती लिहावीच लागली नसती.

यावरून ओळखण्याची खूण मिळते. प्रोग्रॅम दर वेळी तसाच वागत असेल, त्या वागण्याचा उल्लेख माहितीपुस्तिकेत किंवा त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये असेल आणि पडद्यावरचा संदेशही तेच सांगत असेल, तर तो निर्णय समजावा. प्रोग्रॅम मध्येच बंद पडत असेल, मजकूर नाहीसा होत असेल, त्याच पायऱ्यांनी वेगवेगळे परिणाम येत असतील किंवा अपडेटनंतर एखादी गोष्ट कुठेही न सांगता मोडली असेल, तर ती चूक आहे. आणि एखादी सोय मुळात कधी नव्हतीच, तर बहुधा ती करायला अजून कुणी बसलेले नाही. या तिन्हींसाठी लिहायची नोंद वेगळी असते. निर्णयाला चूक म्हणून नोंदवले की पहिल्याच उत्तरात ती बंद होते आणि आपण उगाच दुखावतो.

शोध घेताना ट्रॅकरमधल्या बंद झालेल्या नोंदी जरूर पाहाव्यात, कारण निर्णयांचा इतिहास तिथेच असतो. लिब्रेऑफिसचा ट्रॅकर बगझिला या प्रणालीवर चालतो आणि त्याच्या साध्या शोधात फक्त चालू नोंदी दिसतात. बंद झालेल्याही हव्या असतील तर शोधाच्या शब्दांआधी इंग्रजी मोठ्या लिपीत ‘ऑल’ हा शब्द लिहावा लागतो. नोंदीवर ‘वोन्टफिक्स’ असा शेरा असेल तर विचारांती नकार दिलेला आहे, ‘नॉट अ बग’ असेल तर वागणूक अपेक्षितच आहे, आणि ‘डुप्लिकेट’ असेल तर मूळ नोंदीचा क्रमांक सोबत असतो व चर्चा तिथे वाचायची असते. गिंप आणि लिनक्सवरचा ग्नोम हा डेस्कटॉप यांच्या नोंदी ग्नोमच्या गिटलॅब या संकेतस्थळावर सापडतात. चर्चा लांबलचक असल्या तरी कारण बहुतेक वेळा पहिल्या एकदोन उत्तरांतच दिलेले असते. एखादे काम त्या प्रोग्रॅममध्ये कोणत्या रीतीने करणे अभिप्रेत आहे हेच कळत नसेल, तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले मराठी पाठ आधी ऐकावेत. लिब्रेऑफिस आणि गिंप दोन्हींचे पाठ त्यात आहेत.

दोष भलत्याच्याच माथी मारला जाणे हाही नेहमीचा प्रकार आहे. मराठी मजकूर टाइप केला आणि ‘ल’ किंवा ‘श’ हिंदी वळणाचा उमटला, की लिब्रेऑफिसला मराठी कळत नाही असे म्हटले जाते. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना सांकेतांक एकच आहे. कोणते वळण दिसायचे हे मजकुराला लावलेली भाषा आणि फॉन्टमधली तरतूद मिळून ठरवतात. अक्षरांची जुळणी करण्याचे काम हार्फबझ नावाचे वेगळे मुक्त सॉफ्टवेअर करते, जे लिब्रेऑफिसने ५.३ या आवृत्तीपासून सर्वत्र स्वीकारले. तेव्हा आधी टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर जाऊन हिंदी राहिलेली भाषा मराठी करावी. तेवढ्याने भागले नाही तर फॉन्ट बदलून पाहावा. एका फॉन्टमध्ये वळण बरोबर आणि दुसऱ्यात चूक असे दिसले, तर नोंद दुसऱ्या फॉन्टच्या कर्त्यांकडे करायची असते. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बलू यांसारखे फॉन्टही खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत आणि त्यांचे कर्ते तर आपल्याच शहरात आहेत. लिब्रेऑफिसच्या डेव्हलपरला यात करण्यासारखे काहीच नसते.

एका सेटिंगची किंमत

‘निदान एक सेटिंग तरी द्या, ज्याला हवे तो वापरील’ ही मागणी सर्वांत जास्त केली जाते आणि ती निरुपद्रवी वाटते. ती तशी नाही. चालू-बंद करता येणाऱ्या दहा सेटिंग्ज असल्या तर प्रोग्रॅमच्या १,०२४ वेगवेगळ्या अवस्था होतात, आणि त्यांपैकी कोणत्याही एकीत काही मोडले तरी तक्रार यायची ती येतेच. प्रत्येक सेटिंगला माहितीपुस्तिकेत परिच्छेद लागतो, पडद्यावर जागा लागते, आणि मराठीत भाषांतर करणाऱ्या मोजक्या स्वयंसेवकांपुढे आणखी दोन ओळी येऊन पडतात. ज्याने मागितली तो वर्षभरात दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळला, तरी सेटिंग सांभाळणे सुटत नाही.

ग्नोम या डेस्कटॉपचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आले तेव्हा खिडकीवरची मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझ ही बटणे काढून टाकलेली होती. कारण तर्कशुद्ध होते: नव्या रचनेत खाली टास्कबारच नव्हता, तेव्हा मिनिमाइझ केलेली खिडकी जाणार कुठे, आणि मोठी करायची तर ती पडद्याच्या वरच्या कडेला ओढता येत होती. पण वापरणाऱ्यांचे हात वर्षानुवर्षे त्या बटणांवर बसलेले होते आणि नव्या रचनेचा तर्क त्यांनी मागितलेला नव्हता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यासारख्यांनीही उघड नापसंती दाखवली. पुढे जे झाले त्यात वापरणाऱ्याला शिकण्यासारखे आहे. ग्नोमने आपली मूळ दिशा सोडली नाही. बटणे परत मिळवण्याची सोय ट्वीक्स या वेगळ्या साधनात राहिली, एक्स्टेंशनची वाट खुली ठेवली गेली, आणि २०१३ मध्ये ३.८ बरोबर जुन्या धाटणीचा क्लासिक मोडही आला. ज्यांना तेवढेही पुरेसे वाटले नाही, त्यांच्यासाठी ग्नोम २ चा कोड पुढे चालवणारे माटे आणि लिनक्स मिंटचे सिनॅमन हे डेस्कटॉप उभे राहिले. म्हणजे मूळ ठिकाणी नकार मिळाला तरी हवी ती गोष्ट शेजारच्या दारातून मिळाली, आणि सेटिंगचा भार ज्यांना ती हवी होती त्यांनी उचलला. विनंती लिहिताना हाच मार्ग आधी सुचवला, म्हणजे ‘मूळ प्रोग्रॅममध्ये नको, पण एक्स्टेंशनला एवढी जागा करून द्या’ असे म्हटले, तर ते मान्य होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

विनंती लिहिताना

ताकाला जाऊन भांडे लपवू नये, हा इथला पहिला नियम. अमुक बटण द्या, तमुकसारखे करा, असे लिहिणारा आपले काम काय आहे ते सांगतच नाही. डेव्हलपरला तेच तर हवे असते, कारण काम कळले तर ते साधण्याचा आपल्याला न सुचलेला मार्गही तो काढू शकतो. मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावे आपोआप भरून प्रत्येकाची प्रत काढणे. ‘मेल मर्ज अत्यंत किचकट आहे, वर्डसारखे करा’ ही नोंद वाचून कुणालाही पुढचे पाऊल टाकता येणार नाही. तीच अडचण एखाद्या सोसायटीच्या चिटणिसाने पुढीलप्रमाणे लिहिली तर चित्र पालटते:

‘लिब्रेऑफिस रायटर, आवृत्ती सोबत दिली आहे, विंडोज ११. आमच्या गृहनिर्माण संस्थेत ८४ सदस्य आहेत आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आम्ही प्रत्येकाच्या नावाने मेल मर्ज करून छापतो. नावे आणि सदनिका क्रमांक कॅल्कच्या शीटमध्ये आहेत. शीटचा डेटा सोर्स तयार केला, दोन रकाने पत्रात ओढून घेतले, छपाई नीट झाली. त्यानंतर शीट दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवून पत्र पुन्हा उघडले, तर नावे येत नाहीत. आमची अपेक्षा अशी होती की शीट जागेवर नाही हे सांगून प्रोग्रॅम तिची नवी जागा विचारील. दर वेळी चिटणीस बदलला की दफ्तर दुसऱ्या संगणकावर जाते आणि डेटा सोर्स नव्याने करावा लागतो. नोटीस सभेच्या पूर्ण १४ दिवस आधी देणे बंधनकारक असल्यामुळे त्या वेळी हा खोळंबा परवडत नाही. काल्पनिक नावांची शीट आणि पत्र सोबत जोडले आहे.’

या नोंदीत राग नाही, तुलना नाही आणि उपायाचा हट्टही नाही. डेटा वेगळ्या फाइलमध्ये का ठेवला, यावर वादही घातलेला नाही. तो निर्णय मान्य धरून त्याची जी बाजू रोजच्या कामात टोचते तेवढीच दाखवली आहे. निर्णयाच्या चौकटीत राहून मागितलेला बदल डेव्हलपरला करता येतो. चौकटच बदला म्हटले की पाच वर्षांपूर्वीचा वाद नव्याने सुरू होतो आणि त्यात कुणालाच रस नसतो.

नोंद पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. आपल्याकडची आवृत्ती जुनी असेल तर नवी घेऊन तीच अडचण येते का ते पाहावे, आणि लिब्रेऑफिसच्या हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून पाहावे, कारण कित्येक अडचणी आपल्याच जुन्या सेटिंग्जमुळे किंवा एखाद्या एक्स्टेंशनमुळे आलेल्या असतात. आवृत्तीचा तपशील हेल्प मेनूतल्या अबाउट या खिडकीतून जसाच्या तसा उचलून चिकटवावा.

जोडलेल्या फाइलविषयी विशेष सावध राहावे. ट्रॅकर जगाला उघडा असतो. सदस्यांची नावे, फोन क्रमांक, देखभाल शुल्काची थकबाकी असलेली खरी शीट तिथे एकदा चढली, की ती मागे घेणे आपल्या हातात राहत नाही. आणि थकबाकीची यादी इंटरनेटवर गेल्याचे सभेत निघाले, तर मेल मर्जचा प्रश्न फारच क्षुल्लक वाटू लागेल. चार काल्पनिक नावांची शीट करायला पाच मिनिटे पुरतात.

भाषा इंग्रजी लागते, हे खरे. ती सोपी आणि तुटक असली तरी चालते. पायऱ्या क्रमाने आल्या आणि स्क्रीनशॉट असला की अर्थ लागतो. स्वतः लिहिण्याचा संकोच वाटत असेल, तर मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या फॉस युनायटेड या संस्थेच्या मुंबईत होणाऱ्या मेळाव्यांना जावे. तिथे अशा नोंदी नियमित लिहिणारी तरुण मंडळी भेटतात, आणि आपली अडचण लॅपटॉपवर करून दाखवली तर ती नोंदवायला हातभारही लावतात.

एकाच नोंदीखाली सोसायटीतल्या दहा जणांना ‘मलाही’ असे लिहायला लावू नये. २०१० मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीने खिडकीची बटणे उजवीकडून डावीकडे नेली तेव्हा विरोधाचा पूर आला होता, आणि उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी तिथेच सांगितले होते की चांगले अभिप्राय आणि चांगली माहिती यांचे स्वागत आहे, पण रचनेचे निर्णय मतदानाने होणार नाहीत. बटणे उजवीकडे परतली ती २०१७ मध्ये, उबुंटूने स्वतःचा युनिटी डेस्कटॉप सोडून ग्नोम घेतले तेव्हा. दहा जणांच्या होकारापेक्षा, तीच अडचण वेगळ्या कामात भोगणाऱ्या एकाने लिहिलेल्या चार ओळी अधिक वजनाच्या ठरतात.

नकार आल्यावर

नकारात कारण दिलेले असेल तर ते दोनदा वाचावे. त्यात पर्यायी मार्ग बहुधा सांगितलेला असतो. नंतर प्रोग्रॅमच्याच सेटिंग्ज धुंडाळाव्यात. लिब्रेऑफिसमध्ये वर्डसारखी टॅब असलेली पट्टी नाही अशी तक्रार अजूनही ऐकू येते, पण फेब्रुवारी २०१९ च्या ६.२ पासून ती व्ह्यू मेनूतल्या यूजर इंटरफेसमध्ये सर्वांसाठी उपलब्ध आहे. फक्त ती आपण होऊन निवडावी लागते. जुनी आवृत्तीच धरून बसणे हा उपाय मात्र करू नये, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीला मिळेनाशा होतात. गिंपसारख्या प्रोग्रॅमबाबत काही दिवस ते परवडेल, इंटरनेटशी जोडलेल्या ब्राउझरबाबत एक दिवसही परवडणारे नाही.

अडचण धंद्याची असेल, तर सरळ पैसे मोजून काम करून घ्यावे. मुक्त सॉफ्टवेअरसाठी पैसे देण्यात काही विसंगती नाही. परवान्याने दिलेली बदलाची मुभा आपण दुसऱ्याच्या हातून वापरतो, एवढेच. मुंबईतल्या फ्रॅपे या कंपनीने घडवलेले ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचे हिशेब आणि व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मिळते आणि मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्यापासून यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यापर्यंत कुणालाही त्यात आपले रकाने जोडता येतात. काम देताना करारात एक गोष्ट स्पष्ट लिहून घ्यावी: बदल मूळ कोडमध्ये खुपसायचे नाहीत, वेगळ्या अ‍ॅपमध्ये किंवा कस्टम फील्डमध्ये ठेवायचे. मूळ कोडला हात लावून दिलेले काम आज स्वस्त पडते, परंतु पुढच्या मोठ्या अपडेटला ते बदल आणि नवा कोड एकमेकांवर आदळतात, आणि मग अपडेटच टाळण्याकडे कल होतो.

फोर्क करण्याची, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढण्याची भाषा रागाच्या भरात नेहमी केली जाते. २००८ मध्ये पिजिन या चॅटच्या प्रोग्रॅमने मजकूर लिहिण्याच्या चौकटीची उंची हाताने कमीजास्त करण्याची सोय काढून ती आपोआप ठरेल असे केले, आणि तेवढ्या कारणावरून फनपिजिन हा फोर्क निघाला. पुढे त्याचे नाव कॅरिअर झाले, पण मूळ पिजिनची जागा त्याला कधी घेता आली नाही. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१० मध्ये, ओरॅकलच्या ताब्यात गेलेल्या ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळे झाले आणि आज आपण तेच वापरतो, कारण कोडबरोबर तो लिहिणारी माणसेही बाहेर पडली होती. फोर्कच्या गोष्टी कुणी काढल्या, तर त्याच्याबरोबर किती डेव्हलपर येत आहेत एवढेच विचारावे.

आरडाओरडा कधीच उपयोगी पडत नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मे २०२१ मध्ये ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्रॅम म्यूज ग्रूपकडे गेल्यानंतर त्यात वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला, आणि वापरणाऱ्यांनी एवढा गहजब केला की काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. तिथे प्रश्न सोयीचा नव्हता, विश्वासाचा होता. अशा वेळी संख्येला वजन असते. सवयीच्या प्रश्नांना काळ लागतो. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये वस्तू निवडण्यासाठी उजवी क्लिक करावी लागे, आणि नवशिक्यांची त्यावरची कुरकुर वर्षानुवर्षे चालू होती. जुलै २०१९ च्या २.८० मध्ये डावी क्लिक रूढ झाली, आणि जुन्यांसाठी उजवीचा पर्यायही तसाच राहिला. बटण खटकले म्हणून डेव्हलपरच्या हेतूवर शंका घेणारा पहिल्या प्रकारचे हत्यार दुसऱ्या प्रकारच्या कामात वापरत असतो.

मुंबईत स्वतः मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठीही थोडे सांगतो. नकार देताना कारण एकदा नीट लिहून ठेवावे आणि पुढे त्याचाच दुवा द्यावा. सवय मोडणारा बदल करताना त्याची सूचना सवयीच्या जागी द्यावी. गिंपमध्ये सेव्हच्या खिडकीत जेपीजी लिहिले की आता तो संदेशच एक्सपोर्टच्या खिडकीकडे नेतो, आणि हे अगदी योग्य आहे. अर्धवट आवृत्ती पूर्ण भासेल अशा क्रमांकाने बाहेर काढू नये. जानेवारी २००८ मधले केडीई या डेस्कटॉपचे ४.० सर्वसामान्यांसाठी नाही असे डेव्हलपर सांगत होते, पण लोकांनी ४.० हा आकडा पाहिला.

विनंती मान्य झाली, तरी ती आपल्या संगणकावर कधी पोहोचेल याचा हिशेब ठेवावा. लिब्रेऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास येतात. चुकीची दुरुस्ती मधल्या छोट्या आवृत्तीतही मिळू शकते, नवी सोय मात्र पुढच्या मोठ्या आवृत्तीचीच वाट पाहते. नोंदीवर काम झाल्याचा शेरा आला की त्यात ती कोणत्या आवृत्तीत येणार हे दिलेले असते. तिची चाचणी आवृत्ती उतरवून आपल्या काल्पनिक शीटवर चालवून पाहावी आणि जमले की नाही ते त्याच नोंदीखाली लिहावे, कारण त्या टप्प्यावर राहिलेली त्रुटी सुधारणे सर्वांत सोपे असते. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात, तेव्हा ऑगस्टच्या नव्या आवृत्तीच्या भरवशावर नोटिसांचे काम ठेवू नये. यंदापुरते पत्र आणि शीट एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर जागचा हलवू नये, आणि नव्या चिटणिसाला दफ्तर सोपवताना ही ओळ कागदावर लिहून द्यावी.